गडद रंगाच्या गाडीवर बारीक गोल ओरखडे दिसतायत, घरी धुताना काय बदलू?

निळासावळा:
मंडळी जरा मदत हवी आहे. गाडी घेऊन अजून वर्षही झालेलं नाही, रंग गडद निळा, सावलीत बघितली तर एकदम नवी दिसते पण ऊन पडलं की बॉनेटवर आणि डिकीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात, रात्री एलईडी दिव्याखाली तर फारच. नखाला लागत नाहीत, हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, पण दिसतात. गाडी कुठे घासलेली नाही आणि कोणी मुद्दाम मारलेत असंही वाटत नाही कारण सगळीकडे सारखेच आहेत.

सध्या असं चाललंय की रोज सकाळी कोरड्या फडक्यानं धूळ पुसतो, आठवड्याला एकदा बादलीभर पाणी, गाडीचाच शाम्पू आणि स्पंज घेऊन धुतो आणि मऊ टॉवेलनं कोरडी करतो. पार्किंगमध्ये नळ नाही, पाईप लावायची सोय नाही, पाणी बादलीनंच आणावं लागतं. पाणी जड आहे त्यामुळे काचांवर आणि दरवाज्यांवर पांढरे ठिपके राहतात ते वेगळंच, शिवाय वर झाड आहे आणि पक्ष्यांची विष्ठा पडते.

एका ठिकाणी दाखवली तर म्हणाले पूर्ण गाडी मशीननं पॉलिश करून वर सिरॅमिक कोटिंग मारून घ्या म्हणजे परत ओरखडे येणार नाहीत. हे खरं आहे का? आणि पाईप नसताना घरी नीट धुता येते का? गाडीवर जीव आहे, स्वतःच्या हातानं करायला आवडतं, म्हणून विचारतोय.

दोनबादल्या:
हे स्वर्ल मार्क्स. आणि एक गोष्ट आधी पक्की डोक्यात बसवा, हे ओरखडे गाडी चालवताना पडत नाहीत, धुताना आणि पुसताना पडतात. गोल दिसतात म्हणून हात गोल फिरवल्यानं आले असं सगळे सांगतात पण ते अर्धंच खरं आहे. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, त्यातले जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात म्हणून दिव्याभोवती वर्तुळ झाल्यासारखं दिसतं. दिवा हलवून बघा, वर्तुळही त्याच्याबरोबर हलेल.

रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. आणि धुळीत वाळूचे कण असतात जे त्या थरापेक्षा कितीतरी कठीण. आता कोरडं फडकं धुळीवरून फिरवलं की तोच कण फडक्याखाली अडकून पूर्ण बॉनेटभर ओढला जातो. त्यामुळे सगळ्यात पहिलं काम, रोजचं कोरडं पुसणं आजपासून बंद करा. गाडी धुळकट दिसली तर दिसू दे, धूळ नुसती बसून असेल तर काहीही बिघडत नाही, ती घासली की बिघडतं. ते लांब दांड्याचे झटकणे मिळतात ना मेणाचे धागे असलेले, ते पण तेच करतात, फक्त जरा हलक्या हातानं.

दुसरं म्हणजे स्पंज. स्पंजचा पृष्ठभाग सपाट असतो, मातीच्या कणाला आत शिरायला जागाच नाही, तो स्पंज आणि रंग यांच्यामध्ये राहतो आणि घासला जातो. मायक्रोफायबरचा हातमोजा घ्या, ज्याला बोटाएवढे लोंबते गुच्छ असतात तो, कण त्या गुच्छांच्या आत जातो आणि रंगापासून लांब राहतो. आणि बादल्या दोन हव्यात, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. एक पॅनल धुतलं की मोजा आधी साध्या पाण्यात खळखळून धुवायचा, पिळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. तळाशी जाळी टाकली तर अजून चांगलं, माती जाळीखाली बसते आणि मोजा खाली घासला तरी परत वर येत नाही. हे केल्यावर साध्या पाण्याची बादली एकदा नीट बघा, त्यात जे गाळ दिसेल ते सगळं एरवी तुमच्या रंगावरून फिरत होतं.

क्रम असा ठेवा. गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला थंड लागलं पाहिजे. चाकं आधी, कारण सगळ्यात घाण तिथे असते आणि चाकांचं पाणी नंतर धुतलेल्या पॅनलवर उडायला नको, चाकांसाठी बादली, ब्रश, फडकं सगळं वेगळं, ते चुकूनही रंगाला लावायचं नाही. मग छप्पर, काचा, बॉनेट, डिकी, दरवाज्यांचा वरचा भाग, आणि अगदी शेवटी दरवाज्यांचा खालचा भाग आणि बंपर. मोजा सरळ रेषेत फिरवायचा, हाताचा दाब नाहीच द्यायचा, मोज्याचं स्वतःचं वजन पुरतं. मोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद, दुसरा घ्या, नुसता झटकून परत वापरू नका प्लीज.

कोटिंगचं सांगायचं तर, नाही, कोटिंगनं ओरखडे थांबत नाहीत. पाणी सरकतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं, हे सगळं खरं. पण चुकीच्या पद्धतीनं पुसलंत तर कोटिंगवरही ओरखडे पडणारच. आधी धुणं सुधारा, मग कोटिंगचा विचार करा.

पंपस्प्रे:
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत, फक्त पाईप नसताना दोन बादल्यांच्या पद्धतीत एक अडचण आहे की धुतल्यावर शाम्पू काढायला भरपूर पाणी लागतं आणि आधी माती सैल करायला पण लागतं. तुमच्यासारख्यांसाठी रिन्सलेस वॉश हा प्रकारच बरा. हा शाम्पू नाही, याला फेस जवळजवळ येत नाही, यात पॉलिमर असतात जे मातीच्या कणाला वेढतात आणि घसरता करतात, आणि वरून पाणी ओतून काढावा लागत नाही. बाटलीवर १:२५६ असं प्रमाण लिहिलेलं असेल तर १० लिटर पाण्याला साधारण ४० मिली पुरतं. जास्त टाकून जास्त साफ होत नाही, उलट डाग राहतात.

पद्धत अशी की बादलीत ते पाणी करा आणि सात आठ मायक्रोफायबर फडकी त्यात भिजत टाका. झाडांना औषध मारायचा हातपंप असतो ना, नवीन घ्या, औषध मारलेला नको, त्यात पण हेच पाणी भरा. एका पॅनलवर आधी पंपानं भरपूर फवारा मारा आणि दोन तीन मिनिटं थांबा, माती फुगून सैल होते आणि थोडी आपोआप ओघळून जाते. मग एक फडकं हलकं पिळून, चार घड्या घालून, सरळ एकाच दिशेनं फिरवायचं. एक बाजू मळली की घडी उलटायची, सगळ्या बाजू झाल्या की ते फडकं बाजूला आणि नवीन घ्यायचं, वापरलेलं परत बादलीत बुडवायचं नाही, सगळी गंमत तिथेच आहे, बादलीतलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. लगेच कोरड्या टॉवेलनं टिपून पुढच्या पॅनलवर. पूर्ण गाडी एका बादलीत होते, जमिनीवर चिखल होत नाही.

पण चिखलाचे थर चढलेले असतील, कच्च्या रस्त्यावरून आली असेल तर हे करू नका. आधी कुठेतरी प्रेशर वॉशरनं नुसतं पाणी मारून घ्या, हात लावू देऊ नका कोणाला, घरी येऊन मग रिन्सलेस.

निळासावळा:
दोघांचेही मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. रोजचं पुसणं बंद. रिन्सलेस मागवतो. दोन प्रश्न राहिले, पांढरे ठिपके आणि विष्ठा. आणि एकानं सांगितलं की भांड्यांच्या लिक्विडनं एकदा धुतली की ठिपके जातात, करू का?

जुनीचाकं:
भांड्यांचं लिक्विड अजिबात नको! रंगाची वाट लागते, सगळी चमक जाते, रबरं कोरडी पडतात.

क्लिअरकोट:
@जुनीचाकं, एकदा लावल्यानं रंगाची वाट वगैरे लागत नाही हो, क्लिअर कोट एवढा लेचापेचा नसतो. ते तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेलं असतं त्यामुळे वर लावलेलं वॅक्स काढून टाकतं किंवा निदान पातळ करतं, इतकंच. पॉलिश करायच्या आधी वॅक्स उतरवायला म्हणून काही लोक मुद्दाम वापरतातही. रोजच्या धुण्याला नको याचं माझ्या मते मुख्य कारण वेगळं आहे, त्यात गाडीच्या शाम्पूसारखा गुळगुळीतपणा टिकत नाही, मोजा सरकायच्या ऐवजी ओढला जातो आणि परत ओरखडे. कपड्यांची पावडर मात्र नकोच नको, ती चांगलीच अल्कलाइन असते आणि न विरघळलेले दाणे राहिले तर तेच घासले जातात.

पण मूळ प्रश्नाचं उत्तर, नाही, ठिपके त्यानं जाणार नाहीत. ते ठिपके म्हणजे पाण्यातले कॅल्शियम मॅग्नेशियमचे क्षार, पाणी उडून गेलं आणि क्षार मागे राहिले. साबणानं क्षार विरघळत नाहीत, आम्लानं विरघळतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घ्या, फडकं भिजवून ठिपक्यांवर एक दोन मिनिटं ठेवा, घासू नका, मग हलकेच पुसून भरपूर साध्या पाण्यानं धुवा. थंड पॅनलवर, सावलीत, आणि वाळू द्यायचं नाही. वॅक्स असेल तर तिथलं जाईल, परत लावा. हे करूनही ठिपक्याच्या जागी गोल कडा दिसत राहिली तर समजा की उन्हात तापून क्षारांनी क्लिअर कोट खाल्लाय, ते मग पॉलिशनंच जाईल.

खरा उपाय म्हणजे पाणी गाडीवर वाळूच द्यायचं नाही. जड पाणी असेल तर पूर्ण गाडी एकदम ओली करायची नाही, एक एक बाजू धुवून टिपून घ्यायची. शेवटची एक बादली आरओच्या पाण्याची मिळाली तर तिनं धुवा, क्षार खूप कमी असतात त्यात. आणि तो मऊ टॉवेल जर साधा सुती असेल तर बदला, मायक्रोफायबरचा जाड ड्रायिंग टॉवेल घ्या, पॅनलवर पसरायचा, वरून थोपटायचं, उचलायचा. ओढायचा नाही. आरशांच्या खाली, दारांच्या हँडलमध्ये, नंबरप्लेटच्या मागे पाणी अडकून राहतं आणि दहा मिनिटांनी ओघळ बाहेर येतो, तिथे हवा मारायचं मशीन असेल तर उत्तम, नसेल तर शेवटी टॉवेलनं परत एकदा टिपून घ्या.

विष्ठेला वेळ देऊ नका. ती आम्लधर्मी असते आणि ऊन पडलं की वरचा थर मऊ होतो, विष्ठा वाळून कडक होते, मग गार होताना थर तिच्याभोवती आकसतो आणि कायमचा फिका डाग राहतो. ती कोरडी खरवडली तर वाईटच, बियांचे कण आणि वाळू असते त्यात. गाडीत एक छोटी स्प्रे बाटली, त्यात रिन्सलेसचं पाणी, आणि दोन फडकी कायम ठेवा. दिसली की ओलं फडकं वर पाच मिनिटं ठेवायचं, मऊ झाली की उचलून घ्यायची, चिमटीत पकडल्यासारखी, पसरवायची नाही. झाडाचा चीक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आधी कुठेतरी आतल्या बाजूला लावून बघा.

घरचंगॅरेज:
अलॉय असतील तर अजून एक. चाकांवर जी तपकिरी पूड बसते ती ब्रेकची, त्यात लोखंडाचे कण असतात, गरम असताना उडतात आणि चिकटतात, शाम्पूनं जात नाहीत. आयर्न रिमूव्हर मिळतो, मारला की जांभळा रंग ओघळतो म्हणजे लोखंडाशी क्रिया चालू आहे, तीन चार मिनिटांत धुवून टाका, वाळू द्यायचा नाही, चाक गरम असताना मारायचा नाही. वास भयंकर असतो, हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेत करा. धुऊन झालं की गाडी लगेच उभी करून ठेवू नका, थोडी चालवून दोन चारदा हलका ब्रेक मारा, डिस्क कोरड्या होतात. नाहीतर सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसतो आणि लोक घाबरतात, तो वरवरचा असतो, दोन ब्रेकमध्ये निघतो.

आतलीस्वच्छता:
सगळे बाहेरचंच बोलतायत म्हणून आतलं थोडक्यात. आधी सगळं कोरडं, व्हॅक्यूम, मॅट बाहेर काढून झटकून. मग ओलं. उलटं केलंत तर धुळीचा चिखल होतो आणि सीटच्या कापडात मुरतो. डॅशबोर्डवर काहीही थेट फवारायचं नाही, फडक्यावर घ्यायचं, बटणांच्या फटीत आणि स्क्रीनच्या कडेनं द्रव गेला तर दुरुस्ती नाही. ते चकचकीत करणारं सिलिकॉनचं स्प्रे मला तर अजिबात पटत नाही, उन्हात डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं, धूळ दुप्पट चिकटते, आणि कोणी स्टिअरिंगला किंवा पेडलला मारलं तर हात पाय घसरतात, ते तर सरळ धोक्याचं. मूळ डॅशबोर्ड मॅट असतो तर मॅटच राहू द्या, किंचित ओलं मायक्रोफायबर पुरतं.

काचा आतून पुसताना आडवं पुसा, बाहेरून उभं. रेघ राहिली तर कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं. फिल्म लावली असेल तर अमोनियावालं क्लीनर नको. सीट शाम्पू केल्या तर पूर्ण वाळेपर्यंत दारं उघडी ठेवा, ओलसर बंद केली की बुरशीचा वास बसतो आणि तो मग महिनोन्‌महिने जात नाही.

निळासावळा:
फार उपयोगी. आता शेवटचं, जे ओरखडे आधीच पडलेत त्यांचं काय करू? एका मित्राकडे पॉलिशिंगचं मशीन आहे, तो म्हणतो एका दिवसात करू. मला भीती वाटते.

क्लिअरकोट:
भीती वाटते ते योग्यच आहे, पण एवढंही अवघड नाही. आधी मशीन कुठलं ते विचारा. रोटरी असेल, म्हणजे पॅड एकाच अक्षावर गरगर फिरतो, तर नवख्या माणसानं हातही लावू नये, एका जागी क्षणभर जास्त थांबलं तरी उष्णतेनं थर जळतो. डीए म्हणजे ड्युअल अॅक्शन असेल, पॅड फिरतो पण आणि हलतो पण, तर ते बरंच सुरक्षित, दाब जास्त झाला की फिरणंच थांबतं.

लक्षात घ्या, पॉलिश म्हणजे ओरखडा भरणं नाही. आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणं. म्हणजे दरवेळी थोडा थर कायमचा जातो, आणि ३५-५० मायक्रॉनमधून किती वेळा काढणार? म्हणून वर्षातून चारदा पॉलिश करून देणाऱ्यांपासून लांब राहा. आणि धुण्याची पद्धत बदलल्याशिवाय पॉलिश करणं म्हणजे थर फुकट घालवणं, तेच ओरखडे परत येणार. तुम्ही आधी दोन तीन महिने नव्या पद्धतीनं धुवा, हात बसू दे, मगच.

करायच्या दिवशी, धुतल्यावर ओल्या पॅनलवरून पातळ प्लास्टिकची पिशवी हाताला घालून बोटं फिरवा. खरखर लागली तर चिकटलेली घाण आहे, आधी क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण ओढून घेणारा मळलेल्या मातीसारखा मऊ गोळा, फिरवावा लागेल, भरपूर ओलं करून, क्ले दर थोड्या वेळानं मळून स्वच्छ बाजू वर आणायची, खाली पडला तर फेकूनच द्यायचा. गुळगुळीत लागलं तर क्लेची गरज नाही, उगाच करू नका, क्लेनंही बारीक ओरखडे येतात. मग सगळ्यात सौम्य पॉलिश, सगळ्यात मऊ पॅड, आणि बॉनेटचा हातभर तुकडा घेऊन फक्त तिथे करून बघा. पुसून दिव्याखाली बघा. सत्तर ऐंशी टक्के गेले तर बास, शेवटचे दोन खोल ओरखडे काढायच्या नादात लोक थर संपवतात. नखाला लागणारा ओरखडा असेल तर पॉलिशच्या भानगडीत पडूच नका, त्याला टचअप, म्हणजे तेवढ्याच जागी रंग भरणं.

झालं की लगेच वर संरक्षक थर म्हणून सीलंट किंवा वॅक्स. काळ्या प्लास्टिकवर वॅक्स लागू देऊ नका, पांढरे डाग पडतात आणि निघता निघत नाहीत.

पंपस्प्रे:
फडक्यांचं कोणी बोललं नाही म्हणून. मायक्रोफायबर इतर कपड्यांबरोबर धुवू नका, सुती कपड्यांचे धागे त्यात अडकून बसतात. फॅब्रिक सॉफ्टनर नाही, त्यानं धागे माखतात आणि पाणी शोषणं बंद होतं. कोमट पाणी, थोडं लिक्विड, सावलीत वाळवा. लेबल असेल तर वापरायच्या आधीच उसवून टाका, त्याची शिलाई कडक असते आणि ओरखडे काढते.

जुनीचाकं:
@क्लिअरकोट, साबणाबद्दल पटलं. एक भर घालतो, मशीन चालवायच्या आधी दारांच्या कडा, बॉनेटच्या उभ्या रेषा आणि लोगोच्या भोवती मास्किंग टेप लावा, तिथे थर मुळातच पातळ असतो आणि नवख्यांकडून पहिला तिथेच उडतो. आणि गाडीचा एखादा भाग आधी कधी रंगवून घेतला असेल तर मित्राला आधीच सांगा, त्यावरचा थर कंपनीच्या थरापेक्षा वेगळा असू शकतो, तिथे वेगळा तुकडा घेऊन बघायचा.

निळासावळा:
गाडी नवीच आहे, कुठेही रंगवलेली नाही. मशीन डीए आहे, विचारून घेतलं. आधी रिन्सलेस, फडकी आणि हातपंप आणतो, पॉलिश नंतर बघू. पहिल्या धुण्यानंतर बॉनेटचा फोटो टाकतो, दिव्याखालचा.

दोनबादल्या:
फोटो आजच एक काढून ठेवा, तोच दिवा, तेच अंतर, तोच कोन, आणि बॉनेटवर मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावून जागा पक्की करा. दोन महिन्यांनी परत तिथेच काढा. नवीन ओरखडे वाढले नाहीत एवढं दिसलं की मित्राला बोलवा.